नाशिकची द्राक्षबाग, वाईनरी आणि शिवार: एका दिवसाच्या गाडीसफरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी लागला की मुंबई-पुण्याकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. 'वाईनरी बघायची आहे, एका दिवसात होईल का?' माझं घर नाशकात, आजोळ दिंडोरी तालुक्यात आणि मामांची द्राक्षबाग. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं गेली कितीतरी वर्षं देत आलो आहे. ती सगळी इथे एकत्र लिहिली आहेत. माझं म्हणणं आधीच सांगतो: वाईनरी एकच करा आणि उरलेला दिवस शिवाराला द्या. वाईनची बाटली मुंबईतही मिळते, पण फेब्रुवारीतली भरलेली बाग बघायला इकडेच यावं लागतं.

यायचं तर नेमकं कधी?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. याच दिवसांत खायच्या द्राक्षांचा खुडा चालू असतो आणि वाईनच्या द्राक्षांचाही. युरोपात हाच हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो. तिथे थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळासाठी. गोडी छाटणीनंतर साधारण चार-साडेचार महिन्यांनी माल तयार होतो. दोन छाटण्या आणि पीक एकच, हे गणित डोक्यात असलं की कुठल्याही महिन्यात या, समोरची बाग काय करते आहे ते कळतं.

एप्रिल-मेमध्ये आलात तर नुसत्या काड्या दिसतील. ज्यांना फक्त घड बघायचे आहेत त्यांनी तेव्हा येऊ नये.

रस्ता कुठला धरावा?

बहुतेक जण सकाळी अकराला थेट गंगापूर धरणाकडच्या वाईनरीत जातात, तिथेच दुपार होते आणि दिवस संपतो. मी उलटा फेरा सुचवतो. नाशिकहून सकाळी सातला मुंबई-आग्रा महामार्गाने ओझर ओलांडून पिंपळगाव बसवंतला जा, साधारण ३० किलोमीटर. तिथून वणी, वणीहून दिंडोरी. दिंडोरी रस्त्याने म्हसरूळपर्यंत खाली या आणि शहरात न शिरता मखमलाबादमार्गे गंगापूरकडे वळा. संध्याकाळी चार-साडेचारला वाईनरीत पोहोचता. एकूण फेरा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

असं करण्याची कारणं साधी आहेत. बाजार सकाळीच बघावा लागतो. बागेत उन्हाच्या आधी गेलेलं बरं. वाईन शेवटी आली की नंतर गाडीचा प्रवास अर्ध्या तासाचा उरतो. आणि गंगापूर धरणाच्या पाण्यावर सूर्य मावळताना बघायला मिळतो तो वेगळाच.

वेळ कमी असेल तर वणी सोडा. पिंपळगावहून ओझरला परत येऊन जानोरी-मोहाडीच्या बाजूने दिंडोरीकडे जा. या पट्ट्यात द्राक्षाच्या जोडीने गुलाबाची पॉलिहाऊस दिसतात. मोहाडीतच सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे. छोट्या बागायतदारांनी एकत्र येऊन परदेशात द्राक्ष कशी पाठवली हे समजून घ्यायचं असेल तर हे नाव लक्षात ठेवा.

पिंपळगावात काय बघायचं? बाजार समितीत बाहेरच्या माणसाला जाता येतं?

जाता येतं, फक्त कामाच्या मधे उभं राहायचं नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि पिकअपची रांग लागलेली असते. लिलाव करणारा एकेका गाडीपाशी थांबतो, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. कुणी ट्रॉलीत हात घालून मधला कांदा काढतो, अंगठ्याने दाबतो, पत्ती सुटते का बघतो. बोली चढते आणि मिनिटभरात गाडी विकली जाते. बाजूला शेतकरी उभा असतो, त्याच्या तोंडाकडे बघितलं तरी भाव कळतो. चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल एका मिनिटात लागताना एकदा प्रत्यक्ष बघावा असं मला मनापासून वाटतं. घरी कांद्याच्या भावावर बोलताना मग माणूस जरा जपून बोलतो.

जानेवारी-फेब्रुवारीत लाल कांदा असतो, मार्च-एप्रिलपासून उन्हाळ. उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून तो चाळीत जातो. रस्त्याच्या कडेला जाळीच्या भिंतींच्या लांबट खोल्या दिसतात त्या कांदाचाळी. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आलात तर पिंपळगावात टोमॅटो, क्रेटच्या क्रेट. लासलगावचं नाव मोठं आहे, पण एका दिवसाच्या फेऱ्यात ते वाकडं पडतं. कांद्याचे लिलाव रविवारी नसतात. म्हणून जमलं तर शनिवारी या.

द्राक्षबागेत असंच शिरता येतं का?

नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बागेला कुंपण नसेल, गेट उघडं असेल, तरी ते कुणाचं तरी शेत आहे. एकरी लाखांत खर्च झालेला असतो. निर्यातीच्या बागांची 'ग्रेपनेट' या सरकारी ऑनलाईन प्रणालीवर नोंद असते, फवारणीचा हिशेब असतो. औषध मारल्यावर किती दिवस थांबून माल काढायचा याचे नियम असतात. तुम्हाला ताजा दिसणारा घड कालच फवारलेला असू शकतो. तो तोडून तोंडात टाकणं शेतकऱ्याचं नुकसान आणि तुमच्या तब्येतीला धोका.

एकदा माझ्याच गाडीतल्या पाहुण्यांनी मी फोनवर असताना बांधावरून आत जाऊन फोटोसाठी चार घड हातात धरून बघितले. तोडले नाहीत, फक्त धरले. शेतकरीदादा आले, काही बोलले नाहीत. त्यांनी एक घड उचलून आम्हाला दाखवला. मण्यांवर पांढुरकी लव होती आणि जिथे बोटं लागली होती तिथे ती पुसून काळपट डाग पडले होते. 'हा आता एक्स्पोर्टला जात नाही,' एवढंच म्हणाले. त्या घडाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

खुडा करणाऱ्या बायकांचे हात बघा म्हणजे लव किती जपतात ते कळेल. डाव्या हातात देठ, उजव्या हातात कात्री. घड कापला की देठानेच फिरवायचा, खराब मणी कात्रीच्या टोकाने काढायचा आणि कागद घातलेल्या क्रेटमध्ये देठ वर करून ठेवायचा. मण्याला बोट लागत नाही. ही मंडळी बहुतेक पेठ, सुरगाणा, हरसूलकडची. हंगामात कुटुंबच्या कुटुंबं इकडे येतात. द्राक्षपंढरी म्हणून नाशिकचं नाव होतं, त्यात या हातांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

बाग बघायचीच असेल तर रस्त्यावर गाडी लावा, वस्तीवर जा, 'राम राम दादा, बाग बघू का?' असं विचारा. गाडी ट्रॅक्टरच्या वाटेत लावू नका. दहातले सात जण स्वतः फिरवून दाखवतील, चहा पाजतील. उरलेले तीन नाही म्हणतील, त्याचा राग मानू नका. अनोळखी माणसाबद्दल सावध राहायला त्यांना कारणं आहेत. आमच्या मामांचा एका वर्षी भरलेला माल एक व्यापारी घेऊन गेला, थोडे पैसे दिले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. वर्षभराची बाग अशी गेलेली घरं या भागात बरीच आहेत.

खायची द्राक्षं आणि वाईनची द्राक्षं वेगळी असतात का?

पूर्ण वेगळी. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस ही खायची. मोठा मणी, पातळ साल, बी नाही. मणी फुगवायला जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतात, त्याला इकडे डिपिंग म्हणतात. घड फार गच्च असेल तर मणी विरळ करतात. वेल डोक्याच्या उंचीवर मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर असतो, खालून चालताना सावली लागते.

वाईनची द्राक्षं म्हणजे शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. वेल सरळ उभ्या तारांवर, हिरव्या भिंतीसारखा. गाडीतूनही फरक ओळखता येतो: मांडव दिसला की खायची, भिंत दिसली की वाईनची.

खाऊन बघितलीत तर वाईनची द्राक्षंच जास्त गोड लागतील, कारण ती २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातली गोडी मोजायचं माप) वेलीवर ठेवतात. त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. बरेच शेतकरी वाईनरीशी करार करून लावतात. त्यात दर आधी ठरतो, ही जमेची बाजू. पण २००८-०९ नंतर मंदी आली, वाईनऱ्यांकडे साठा पडून राहिला आणि अनेकांनी या बागा उपटून टाकल्या. म्हणून कराराची द्राक्षं म्हणजे बिनघोर धंदा, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही.

वाईनरी कुठली निवडावी?

पहिल्यांदाच येत असाल तर गंगापूर धरणाजवळची सुला. १९९९ मध्ये सुरू झाली, २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली, आणि आज नाशिकला पर्यटक वाईनसाठी येतात याचं मोठं श्रेय राजीव सामंत यांच्या या वाईनरीला आहे. फेरी नीट आखलेली असते, माहिती सांगणारी मुलं तयार असतात. गैरसोय एकच, शनिवार-रविवारी गर्दी फार. जवळच यॉर्क आहे, जी २०२१ मध्ये सुलाने घेतली. जागा लहान, धरणाचं पाणी समोर, बोलायला निवांतपणा. पाण्याच्या बाजूलाच सोमा वाईन व्हिलेज आहे. मला विचाराल तर शनिवारी यॉर्क किंवा सोमा, आणि मधल्या वारी सुला.

फेसाळ वाईनची आवड असेल तर दिंडोरीजवळ शाँदाँ आहे. मुंबईहून येणाऱ्यांना नाशिकपर्यंत यायचंच नसेल तर इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपा आणि मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोने. कुठेही जा, आधी फोन करून फेरीच्या वेळा विचारा आणि जागा राखून ठेवा.

खुड्याच्या दिवसांत वाईनरीच्या मागच्या बाजूला काय चाललंय ते दाखवायची विनंती करा. टेम्पोतून क्रेट उतरतात, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून गोडी मोजतात. हवेत आंबट-गोड वास भरलेला असतो. पांढऱ्या वाईनला रस लगेच गाळून सालं वेगळी काढतात आणि स्टीलच्या थंड टाक्यांत आंबवतात. लाल वाईनला सालं रसातच राहू देतात, रंग आणि तुरटपणा त्यातूनच येतो. द्राक्ष तुडवण्याचा कार्यक्रम मजेचा आहे, मुलांना आवडतो, पण तो पाहुण्यांसाठी. खऱ्या मालाचं काम यंत्रं करतात.

आयुष्यात कधी वाईन घेतलेली नाही. टेस्टिंगमध्ये गोंधळ उडेल का?

अजिबात नाही. चार-सहा प्रकार थोडे थोडे देतात. फेसाळ किंवा पांढरीपासून सुरुवात, मग गुलाबी, मग लाल, गोड शेवटी. ग्लास देठाला धरा, आधी वास घ्या, मग लहान घोट. आवडली नाही तर उरलेली टाकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात टाका. कुणाला वाईट वाटत नाही. मधेमधे पाणी प्या आणि उपाशीपोटी जाऊ नका. नवख्या माणसाला बहुतेक वेळा शेनिन ब्लां आवडते, थोडी फळांची चव, तुरटपणा कमी. शिराझ पहिल्या घोटात कडक वाटते. ती जेवणाबरोबर घेऊन बघा. आमच्याकडच्या काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर ती छान जाते.

गाडी कुणी चालवायची?

जो पिणार नाही त्याने. 'दोनच घोट घेतले' ही सबब इथे चालत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी संध्याकाळी या रस्त्यांवर द्राक्षाचे टेम्पो, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि कामावरून पायी घरी चाललेली माणसं असतात. सगळ्यांनाच चव घ्यायची असेल तर नाशकातून चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवा.

वयाची अट, परवाना, ड्राय डे?

२१ वर्षांखालच्यांना वाईनरीत वाईन देत नाहीत. ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात मद्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. तिथेच चौकशी करा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी आणि निवडणुकीचे दिवस कोरडे असतात. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी गाठून येणारे बरेच जण इथेच फसतात.

आणखी एक. वणीहून पुढे अनेक जण सापुताऱ्याला जातात. सापुतारा गुजरातेत आहे, तिथे दारूबंदी आहे. गाडीत बाटली असेल तर सीमा ओलांडू नका.

आई-बाबा आणि मुलं बरोबर आहेत. त्यांचा दिवस वाया जाईल का?

म्हणून तर शिवार म्हणतो मी. वडीलधाऱ्यांना बाजार आणि बागच जास्त आवडते, हा माझा अनुभव आहे. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं ते तर शेतकऱ्याशी बोलत बसतात आणि उठायला तयार नसतात. थंडीत पहाटे निघायची तयारी असेल तर फेरा बदलून निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं हे पाणी महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे, हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येतात. अंगावर भरपूर गरम कपडे हवेत. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पहाटे धुक्यात तो धूर जमिनीलगत पसरलेला दिसतो.

सप्तशृंगीचं दर्शन त्याच दिवशी होईल का?

अंतराच्या हिशेबाने होईल. वणीहून नांदुरीला जा. गडावर रस्त्याने गाडी जाते आणि २०१८ पासून वरच्या पायऱ्यांसाठी ट्रॉलीही आहे. पण देवीचं दर्शन आणि वाईन एका दिवसात कोंबू नये असं माझं मत आहे. दोन्हीकडे घाई होते आणि घरातल्या मोठ्यांच्या मनालाही ते लागतं. दर्शनासाठी दुसरा दिवस ठेवा.

जेवणाचं काय?

सकाळी मिसळ. गंगापूर रस्ता आणि बारदान फाट्याच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं आहेत, पण आपण उलट दिशेला निघतोय, तेव्हा महामार्गावर मिळेल तिथे खा. पापड आणि दही बरोबर येतं. रस्सा जपून घ्या, दिवस मोठा आहे. दुपारी दिंडोरी-वणी भागात भाकरी-भाजीची साधी खानावळ बघा. वाईनरीत जेवण चांगलं मिळतं, महाग असतं.

मुंबई किंवा पुण्याहून एका दिवसात जाऊन येऊन होईल?

मुंबई-नाशिक सुमारे १७० किलोमीटर. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमणे ते इगतपुरीही खुला झाल्यामुळे कसारा घाटातली कोंडी टाळता येते. पहाटे पाचला निघालात तर जमतं, पण फेरा अर्धा होतो, दिंडोरी आणि एक वाईनरी. पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि रस्त्यावर वर्दळ. पुणेकरांनी मुक्कामच करावा. २०२७ च्या सिंहस्थाची रस्त्यांची कामं शहरात आणि आसपास चालतील, तेव्हा तासभर जादा धरा.

पावसाळ्यात येण्यात अर्थ आहे?

घड नसतील, पण डोंगर हिरवे, गंगापूर भरलेलं, गिरणाऱ्याकडे टोमॅटोचे तारा-काठीवरचे मळे. वाघाड धरणाच्या बाजूला गेलात तर कालवे वाहताना दिसतात. त्या धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्याच पाणीवापर संस्था वाटून घेतात, पाण्याची पाळी आणि पाणीपट्टी तेच ठरवतात. आमच्या भागातली मला सर्वांत अभिमानाची वाटणारी गोष्ट ती आहे. सोमेश्वरचा धबधबाही तेव्हाच बघण्यासारखा.

द्राक्षं आणि वाईन घरी कशी न्यावी?

द्राक्षं रस्त्याकडेच्या क्रेटमधून घेताना देठ बघा: हिरवा असेल तर आजचा खुडा, तपकिरी झाला असेल तर शिळा. मण्यावर लव असावी. चव बघायची तर घडाच्या शेपटाकडचा मणी मागा, कारण खांद्याकडचे मणी आधी पिकतात आणि टोकाचा सगळ्यांत शेवटी. तो गोड असेल तर अख्खा घड गोड. घासाघीस फार करू नका. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झालेल्या वर्षी तर करूच नका.

खोक्यात दोनच थर ठेवा, घड एकमेकांवर रचू नका. धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका, खायच्या वेळी धुवा. वाईनची बाटली डिकीत उन्हात सोडली तर तापून चव जाते, बूच वर सरकतं. म्हणून ती सीटखाली, ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि वाईनरीतून निघतानाच विकत घ्या. आपल्या फेऱ्यात वाईनरी शेवटी ठेवली आहे, तेव्हा ऊन उतरलेलंच असेल.